सरस कोणाला चालतो?

"सरस कोणाला चालतो?"

सरांनी असंच विचारलं. वर्कशॉपच्या मधोमध उभे होते, हातात चिकटवायच्या सरसाच्या तपकिरी लाद्यांची पिशवी. आम्ही अठरा जण समोर फरशीवर बसलेलो. कोणी हात वर केला नाही.

मुग्धाने नाकाला रुमाल लावला. "सर, तो चामड्याचा असतो ना? शी!"

सर हसले. "चामडं, हाडं, सगळंच असतं गं. म्हणून तर विचारतोय. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी पुढे या. लाजायचं काय त्यात?"

तरी कोणी उठेना. मग सरांनी हजेरीचा कागद घेतला आणि नावांवरून बोट फिरवत खाली आले. एका आडनावाशी बोट थांबलं. माझ्या. कागदावरून नजर वर आली ती सरळ माझ्यावर.

"ए विक्रोळी. तू ये."

दर रविवारी मटण हाणणारी चार पोरं त्या वर्गात होती. सोमवारी नळी कोणाला मिळाली याच्या गप्पा मारायची. त्यांच्या नावावर बोट थांबलं नाही. माझ्या घरी तर त्या वर्षी मटण दोनदा शिजलं असेल. पण प्रश्न खाण्याचा नव्हताच. मला कळलं, सरांना कळलं, आणि खाली बघणाऱ्या सतरा जणांनाही कळलं.

मी उठले. पिशवी घेतली. आज याचाच जास्त राग येतो, की मी उठले.

कॉलेज मुलुंडचं. नाव सांगत नाही. गिरण्यांचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही विक्रोळीला, कारखान्यांच्या मागच्या चाळीत. बाबा मिलमध्ये होते, मिल गेली, मग एका गोडाऊनवर वॉचमन झाले. आई मुलुंडला चार घरची धुणीभांडी करायची. मी कॉलेजला त्याच मुलुंडला. सकाळी आम्ही दोघी एकत्र निघायचो आणि स्टेशनबाहेर दोन दिशांना जायचो. मी मागे वळून बघायची नाही. कोणी बघितलं तर?

सर शिकवायचे इंग्रजी आणि बसवायचे नाटकं. कुठल्याशा परदेशी पुस्तकात वाचून त्यांनी नेपथ्याचा वर्ग काढला होता. खडू-फळा नाही. सहा-सहा जणांच्या तीन टीम करायच्या आणि प्रत्येक टीमने एकाच नाटकाचा खराखुरा सेट बांधायचा. करून शिकायचं. नोटीस बोर्डावर त्यांनी स्वतःच्या हाताने कामांचं चक्र लावलं होतं. आराखडा, सुतारकाम, कापड, सरस आणि रंग. दर पंधरवड्याला काम बदलणार, सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

त्यातही आराखडा. त्या मोठ्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात आराखडा करणाऱ्याचं नाव लिहितात. सर म्हणाले होते, जी टीम जिंकेल तिचा सेट आंतरकॉलेज एकांकिका स्पर्धेत उभा राहणार, आणि त्या चौकटीत ज्याचं नाव असेल त्याला ते अंधेरीच्या एका मोठ्या नेपथ्यकाराकडे मदतनीस म्हणून पाठवणार. जागा एक.

मला त्या चौकटीत माझं नाव पाहिजे होतं. अख्खं, आडनावासकट. दुसरं काही नको होतं.

आणि माझ्या टीममध्ये मुग्धा होती.

मुग्धाचे बाबा आर्किटेक्ट. घरात तिरकं होणारं ड्रॉइंगचं टेबल. तिच्याकडे शिसाची पेन्सिल नव्हती, टकटक दाबली की शिसं बाहेर येणारी पेन्सिल होती. निळी. कागद गुंडाळून ठेवायची नळी होती, ती पाठीला लावून यायची तर वाटायचं, बाईसाहेब शिकारीलाच निघाल्यात. नखं स्वच्छ. केस मोकळे. सर तिला "अगं मुग्धा" म्हणायचे. मी "ए विक्रोळी". स्टेशनचं नाव. हाक मारली की गाडी आल्यासारखं सगळे बघायचे.

मी जळायची तिच्यावर. गोलगोल बोलत नाही, जळायची. तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी असली तरी जळायची आणि ब्रेड असला तरी जळायची. ती "जाम बोअर झालं यार" म्हणायची तेव्हा वाटायचं, कंटाळा यायलासुद्धा बापाकडे पैसे लागतात. आणि वाईट म्हणजे ती वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. ती हसून बोलायची, बाजूला बसायची, माझ्या वहीत डोकावून "अक्षर काय झकास आहे गं तुझं" म्हणायची. मग मी स्वतःवर चिडायची आणि परत तिच्यावरच जळायची.

एकदा तिची ती निळी पेन्सिल मी उचलली. चोरली. घरी नेली, आईच्या पोळपाटावर कागद ठेवला आणि रेघ मारली. बारीक आली, पण माझ्या चार आण्याच्या पेन्सिलीची रेघही बारीक यायची, टोक नीट काढलं तर. मी पंधरा-वीस रेघा मारून बघितल्या. मला वाटलं होतं, सगळी जादू पेन्सिलीत आहे. दुसऱ्या दिवशी हळूच परत ठेवायला गेले तर तिने बघितलं. मी घामाघूम. ती म्हणाली, "अगं राहू दे ना, माझ्याकडे अजून दोन आहेत."

त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

सरसाचं काम काय असतं ते सांगते. लाकडाच्या चौकटीवर मांजरपाट ताणून खिळवतात, ती नाटकातली भिंत. त्या कापडाला सरसाचं पाणी दिलं की ते आवळतं, बोट मारलं की ढोलकीसारखं वाजतं. मग खडूची भुकटी, रंगाची भुकटी आणि परत सरस, असा रंग कालवायचा. सरस कमी पडला तर रंग नटाच्या पाठीला लागतो. जास्त झाला तर भिंतीला भेगा पडतात. लाद्या आदल्या दिवशी भिजत घालायच्या. दुसऱ्या दिवशी डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद शिजवायच्या. आच थेट लागली की जळतो, आणि जळला की मेलेल्या ढोराचा वास सुटतो.

स्टोव्ह कुठे लावायचा? सरांनी जागा दाखवली. वर्कशॉपच्या मागे, संडासाच्या भिंतीला लागून. "वास आत नको."

पहिला डबा मी जाळला. दुसरा जाळला. तिसरा पातळ झाला, भिंतीवरचा रंग हाताला पिठासारखा यायला लागला. बोटांवर फोड आले. कोणी शिकवलं नाही, सरांना स्वतःला येत नव्हतं, त्यांच्याकडे पुस्तक होतं आणि पुस्तक आतल्या टेबलावर होतं. अंगठा आणि बोट यांच्यात थेंब धरून ताणायचा, तार किती लांब निघते ते बघायचं, हे माझं मी शोधलं. दीड महिना लागला.

पहिल्या दिवशी घरी गेले तेव्हा बाबा दारात बसले होते. मी जवळून गेले आणि त्यांनी मान वर केली. नाक फुलवून वास घेतला.

"कसलो वास ह्यो?"

"कॉलेजचं काम होतं."

आमचे आजोबा गावी कातडं कमवायचे, चपला करायचे. घर गावाबाहेर. बाबा चौदाव्या वर्षी बोटीत बसून मुंबईला आले ते परत त्या धंद्याच्या आसपास फिरकले नाहीत. घरात चप्पल तुटली तरी स्वतः टाका घालायचे नाहीत, बाहेर देऊन यायचे. इतकं.

"ह्या वासापासून पळान मी मुंबैत इलंय," बाबा म्हणाले. "आणि तू कॉलेजात जावन ह्योच वास घेवन इलंस?"

मी मोरीत जाऊन हात घासले. साबण संपेपर्यंत घासले. आईने शिव्या घातल्या.

पंधरवडा संपला. चक्राप्रमाणे माझी आराखड्याची पाळी. मी घरून कागद, पट्टी, टोक काढलेल्या तीन पेन्सिली घेऊन गेले. केस विंचरून गेले होते, जशी काही परीक्षाच आहे. सर म्हणाले, "अगं, पण सरस कोण बघणार? तुझ्यासारखा कोणाला जमत नाही. या खेपेला तूच बघ. पुढच्या खेपेला करू."

पुढच्या दोन्ही खेपांनाही तेच. कौतुकच केलं की हो, भांडणार कशी? मग बाकीच्या दोन टीमची रंगाची वेळ आली, त्यांनीही आपापले डबे माझ्याकडे आणून ठेवले. "तू करतेच आहेस तर." तीन टीमचा सरस मी एकटी ढवळत होते. आतून हसण्याचा आवाज यायचा. दार अर्धं उघडं असायचं, आणि त्यातून मला मुग्धाची पाठ दिसायची, ड्रॉइंगच्या कागदावर वाकलेली. ती पाठ मी इतकी बघितली आहे की आज चित्र काढून देईन.

सर एकदा टीमवर्कवर बोलले. सगळ्यांना गोल बसवलं होतं. मी दारात उभी, हातात ढवळायची काठी. म्हणाले, "टीम म्हणजे एक शरीर. डोकं डोक्याचं काम करतं, हात हातांचं, पाय पायांचं. यात उच्च-नीच काही नाही." पोरांनी माना डोलावल्या. पाय कोण हे कोणी विचारलं नाही.

नाटक मुलुंडच्या एका बंगल्यात घडणारं होतं. निवृत्त साहेब, त्याची बायको, आणि दोनदा येऊन जाणारी कामवाली. मुग्धाने दिवाणखाना काढला होता. सुरेख काढला होता, खोटं कशाला बोलू. पण दार एकच, पुढचं.

डबा शिजत होता तेव्हा ती माझ्याशी गप्पा मारायला मागे आली. लांब उभी, रुमाल नाकाला. कागद दाखवला.

मी म्हटलं, "बाई पुढच्या दाराने येणार?"

"मग कुठून येणार?"

मला हसूच आलं. मी सुट्टीत आईबरोबर त्या बंगल्यांत कामाला गेलेली. मी सांगितलं, मागे दार असतं. ते कधी पूर्ण उघडत नाही. बाहेरच्या बाजूला खिडकीच्या कठड्यावर बाईचा कप असतो. कान तुटलेला, उपडा घातलेला. तो घरात येत नाही. बाईने तोच घ्यायचा, चहा वरून ओततात, प्यायचा, विसळून परत उपडा घालायचा. हे सांगताना मी ढवळत होते, तिच्याकडे बघत नव्हते. तिच्याकडेही असणारच तसा कप.

दुसऱ्या दिवशी कागदावर मागचं दार होतं. कठडा होता. कपही होता, कान तुटलेला. मी म्हटलं, आता चौकटीत दोन नावं येतील. मी वेडी, खरंच वाट बघत बसले. उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने एकच नाव होतं.

मग अंधेरीचे नेपथ्यकार आले. तिन्ही सेट बघायला. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा. आमच्या सेटसमोर थांबले. भिंतीवरून तळहात फिरवला, तळहात बघितला. कोरा.

"रंग कोणी धरलाय? कण येत नाही हाताला."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने. हिचं काय, हिच्या रक्तातच आहे ते."

सगळे हसले. मुग्धाही हसली, जरा उशिरा. पाहुणेही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. दीड महिना भाजलेली बोटं माझ्या पाठीमागे होती.

मग ते वाकले. कठड्यावरचा कप बघितला. "वा! हा उपडा कप. एका कपात अख्खं घर सांगितलंत की. कोणाला सुचलं हे?"

मी मुग्धाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. एक श्वासभर वेळ होता. तेवढ्यात सर म्हणाले, "आराखडा मुग्धाचा."

"मला सुचलं," मुग्धा म्हणाली.

चांगली तोंडाळ आहे मी, चाळीत नळावर माझ्याशी कोणी भांडायला धजत नाही. तिथे जीभ टाळूला चिकटली. ते पाहुणे डायरीत काहीतरी लिहीत होते आणि मला दिसत होतं, ते कोणाचं नाव लिहितायत.

घरी जाऊन आईला सांगितलं. वाटलं, ती तरी चिडेल. तर आई भांडी घासायची थांबली आणि तिचं तोंड फुललं. "माझो कप? नाटकात?" शेजारणीला सांगायला गेलीसुद्धा. मी भिंतीकडे तोंड करून पडले. तिच्यावर ओरडायचं होतं, ओरडले नाही.

आमची टीम जिंकली. आता स्पर्धेसाठी मोठा सेट करायचा होता, आराखडाही नव्याने. सोमवारी सरांनी माझ्यासमोर सरसाच्या दोन पिशव्या ठेवल्या.

मी म्हटलं, "सर, मी सरस करणार नाही. माझी आराखड्याची पाळी आहे. तीनदा गेली."

"मग सरस कोण करणार?"

"बोर्डावर बघा. मुग्धाची पाळी आहे."

मुग्धा हळूच म्हणाली, "आमच्यात नाही चालत गं. तुला माहितेय ना."

"आमच्यातही चालत नाही," मी म्हटलं. "माझ्या बापाने या वासापायी गाव सोडलं. आणि सर, रक्तात नाही ते. दोन डबे जाळून, एक नासवून शिकले मी. मुग्धापण जाळेल. शिकेल."

सरांचा चेहरा लाल झाला. "टीममध्ये मी-मी चालत नाही. फाजीलपणा करायचा असेल तर बाहेर हो."

मी पिशवी घेऊन बाहेर पडले. गेटपर्यंत ताठ चालले. गेटबाहेर मी रसवंतीच्या बाकावर बसून रडले. जागा गेली होती ना.

पुढचं मला मुग्धानेच सांगितलं. सरसाला कोणी हात लावेना. त्या मटणवाल्या पोरांनीही नाही, एकाने तर सांगितलं, आई ओरडेल. मग टीममधल्या कोणाच्या तरी मावशीने तोड काढली. मैद्याची खळ. शुद्ध शाकाहारी. पातेलंभर मैदा शिजवून त्यांनी मांजरपाटाला फासला, त्यातच रंग कालवला. भिंत छान दिसली म्हणे. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग भाद्रपदाच्या दमट हवेत तो सेट कॉलेजच्या तळघरात आठ दिवस ठेवला.

हवेनेच भिंतीला हिरवी बुरशी धरली. वर उंदीर आले. मैदा तो! कोपऱ्यापासून खायला सुरुवात केली आणि दिवाणखान्याची अख्खी डावी भिंत खाऊन टाकली, कापडासकट.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, रविवारी दुपारी मुग्धा आमच्या चाळीत आली. घर विचारत विचारत. नळावरच्या बायका बघत होत्या. ती दारात उभी, मी तांदूळ निवडत होते. तिला बस म्हटलं नाही.

"वाट लागलीये गं," ती म्हणाली आणि उंदरांचं सांगितलं.

मला हसू आवरेना. असा आनंद झाला की काय सांगू. आसुरी. उंदरांना नैवेद्य दाखवावा असं वाटलं. ती रडवेली झाली तरी मी हसत होते.

"चल ना यार, प्लीज. दोन दिवसांत होईल, तुला जमतं. सर म्हणाले, ते तुझं नाव अंधेरीला देतील. खरंच. माझ्यासमोर म्हणाले."

हसू थांबलं. ताटातले तांदूळ दिसेनासे झाले. अंधेरी. ती जागा माझ्या दारात चालत आली होती, तिच्याच पायांनी. मी उठलेसुद्धा. चप्पल शोधायला लागले. एक पाय चपलेत होता तेव्हा विचारलं, "काय म्हणून देतील नाव?"

"म्हणजे?"

"काम काय सांगितलं? आराखड्याचं?"

मुग्धा म्हणाली, "त्यांच्याकडे सरसाला माणूस लागतोय. तो गृहस्थ तुझ्या रंगावर खूश आहे. आराखड्याला..." ती थांबली.

"आराखड्याला तू."

तिने मान हलवली.

मी पाय चपलेतून काढला. म्हटलं, "एक काम कर. मी येते. पण डब्यासमोर तू बसायचं. मी बाजूला उभी राहून सांगेन, काय कधी करायचं ते. शिकवीन तुला. आणि चौकटीत माझं नाव घाल, तुझ्या शेजारी."

तिने उंबऱ्याकडे बघितलं. "नावाचं मी बोलते सरांशी," म्हणाली. "पण सरस... आई मला देवघरात जाऊ देणार नाही गं."

नाव द्यायला तयार होती ती. काठी धरायला नाही. तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस तिच्या पेन्सिलीवर उगाच जळत होते. जळायचं तर या गोष्टीवर जळायला हवं होतं, की तिला नाही म्हणता येत होतं आणि कोणी तिला गेटबाहेर काढत नव्हतं.

"मग जा," मी म्हटलं.

ती गेली. बाबा आत खाटेवर झोपले होते असं मला वाटत होतं. ते जागे होते. उठून त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं.

नाटक झालं. माझ्यावाचून कशाला अडतंय? डाव्या भिंतीला काळा पडदा लावला. अभिनयाला बक्षीस मिळालं, पेढे वाटले. अंधेरीला मुग्धाच गेली. पहिल्या दिवशी आकाशी रंगाचा पंजाबी ड्रेस घालून गेली होती. मला कोणीतरी सांगितलं, आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

वर्ष संपताना सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. समोर आमच्या टीमची फाइल. "तुझा शेरा अडलाय. असहकार लिहावं लागेल. माफीचं पत्र लिहून दे, मी पास करतो. मुलगी हुशार आहेस, कशाला नुकसान?" त्यांनी आपलं शाईचं पेन माझ्यापुढे केलं. आवाज मऊ होता. त्यांना वाटत होतं, आपण उपकार करतोय.

मी पेन घेतलं. फाइल उघडली. आराखड्याचा कागद घडी घालून शेवटी लावला होता, तो पूर्ण उलगडला, त्यांच्या टेबलावरची कपबशी बाजूला सरकवून. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं मुग्धाचं नाव होतं. ते खोडलं नाही. दिवाणखाना तिचाच होता. त्याच्याखाली मी लिहिलं, "मागील दार व कठडा". पुढे माझं नाव. मग बापाचं. मग आडनाव, सगळ्यात ठळक, शाई पलीकडे उमटेल असं दाबून.

"हे काय चालवलंयस?" सर खुर्चीतून उठले. "हे कॉलेजचं रेकॉर्ड आहे."

"म्हणूनच लिहिलं, सर."

"खोड ते. आत्ताच्या आत्ता."

मी पेनला टोपण लावलं नाही. तसंच त्यांच्याकडे केलं. "तुम्ही खोडा. मी इथेच उभी आहे. माझं आडनाव वाचा, मोठ्याने वाचा, आणि खोडा."

त्यांनी पेन घेतलं. स्टाफरूममधले दोघे-तिघे बघायला लागले होते. सरांचं पेन कागदावर आलं आणि तिथे थांबलं. वाचायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, "जा तू."

मला नापास केलं. शेऱ्यात असहकार आलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बरां लिवल्यानी."

नेपथ्याचं काम मी सोडलं नाही. सोडणारही नाही. मुग्धावर आजही जळते, तिचं नाव कुठे छापून आलं की पोटात आग पडते, आणि ती आग मी विझू देणार नाही, तिच्यावरच मी काम करते. कोणी समजूत काढायला येऊ नये. जी रेघ माझी आहे तिच्याखाली माझं नाव मी माझ्या हाताने लिहीन, शाईने लिहीन, विचारून लिहिणार नाही. ज्याला खोडायचं असेल त्याने माझ्यासमोर येऊन, आधी ते वाचून खोडावं.